जाड तेलाच्या गोष्टीतला गाळलेला भाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि बायकोपासून वीस वर्षं एखादी गोष्ट लपवून ठेवणं म्हणजे काय, ते संसार केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. फक्त तिच्यातला एक भाग कुणी सांगत नाही. तो भाग म्हणजे मी.

आधी सगळे सांगतात तशी सांगतो. माझा साडू मिलिंद, म्हणजे माझ्या मेव्हणीचा, वर्षाचा नवरा, साताऱ्याकडचा. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि नव्या राजधानीचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत तो नोकरीला आला. इथली भाषा त्याला नवी. एका उन्हाळ्यात त्याला मोटारसायकलीत इंजिन ऑइल टाकायचं होतं. उन्हाळ्यात जाड तेल टाकतात, एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो दुकानात गेला आणि म्हणाला, जाड तेल द्या. आता मराठीत जाड म्हणजे घट्ट, दाट. पण इथल्या छत्तीसगडीत जाड़ म्हणजे थंडी. हिंदीत जाड़ा म्हणजे हिवाळा. दुकानदार चक्रावला. “ए गरमी मा जाड़ के तेल?” मिलिंदला वाटलं, हा विचारतोय, इतक्या गरमीत जाड तेल कशाला? त्याने ठासून सांगितलं, हो हो, गर्मी के लिए ही चाहिए, जाडच द्या. दुकानदाराने दिवाळीपासून पडून असलेला हिवाळी तेलाचा डबा पुसून त्याच्या हातात ठेवला. पाण्यासारखं पातळ तेल. पुढे जेठात, म्हणजे ज्येष्ठ महिन्यात, इंजिन जाम झालं.

एवढीच गोष्ट. लग्नात, बारशात, कुठेही चार माणसं जमली की मिलिंद ती स्वतःच सांगतो. दुकानदाराचा आवाज काढतो, डबा पुसण्याची नक्कल करतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो.

‘कुणीतरी सांगितलं होतं’ — हे तो नेहमी असंच म्हणतो. कुणीतरी. ते कुणीतरी मी होतो. पण थांबा, एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मोटारसायकल आमच्या सासऱ्यांची. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. मूळचे वऱ्हाडातले, रेल्वेत नोकरी करून रायपूरचेच झालेले. पुरानी बस्तीत, देवळाला लागून असलेल्या गल्लीत त्यांचं घर. मोटारसायकल काळी, जड, माझी बायको जन्मली त्या वर्षी घेतलेली. त्यांना मुलगा नव्हता. दोन मुली, त्यातल्या थोरलीचा मी नवरा. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी ‘दिलीपराव’ होतो. पाटावर बसवून वाढायचे मला. मग हळूहळू राव गळाला. दिलीप, जरा गॅसची टाकी घेऊन ये. दिलीप, जरा गाडीचं पाहून दे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट बरं वाटायचं. ज्या घरात मुलगा नाही, त्या घरात जावयाचा राव गळणं ही बढती असते, असं मला वाटायचं.

सात वर्षं मी ती गाडी सांभाळली. होळी झाली की गाढं तेल, दिवाळी झाली की पतलं. त्यांच्या अंगणात, गुडघ्यावर बसून, खाली तसराळं ठेवून काळं तेल गाळायचो. रायपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो — इथे दुपारी उभ्या गाडीच्या सीटला हात लावता येत नाही. हवेवर थंड होणारं इंजिन, तेही जुनं. त्याला उन्हाळ्यात तेलाशिवाय कुणी वाली नसतो. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो थंडीत तेल कितपत वाहतं, दुसरा सांगतो इंजिन तापल्यावर ते कितपत घट्ट राहतं. जुन्या गाडीला इथल्या चैत्र-वैशाखात बीस-पचास लागतं. नव्या गाड्यांचं वेगळं, त्यांना कंपनी सांगेल ते टाकावं. कारचं तेल मोटारसायकलीत टाकू नये, क्लचच्या प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असतात, त्या घसरायला लागतात. आणि जुनं इंजिन तेल पितं, म्हणून दर पंधरा दिवसांनी काडी काढून पातळी बघायची. हे सगळं मला येतं. माझ्या आयुष्यात दुसऱ्यांपेक्षा जास्त येणारी हीच एक गोष्ट. गाणं येत नाही, नोकरीत कारकून म्हणून लागलो आणि मोठा कारकून झालो. पण गाडीचं विचारायचं तर दिलीपला, एवढं सासुरवाडीत ठरलेलं होतं.

मग मिलिंद आला.

त्याच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काही असतं तर आज मला सोपं गेलं असतं. नाही हो, काही नव्हतं. देखणा, मऊ बोलणारा. त्याची मराठी ऐकून मामाजी खूश व्हायचे. आमची मराठी अर्धी हिंदी, आमच्या घरातली पोरं तर उत्तरंच हिंदीत देतात. आणि मिलिंद तबला वाजवायचा. मामाजी शनिवारी संध्याकाळी भजनं म्हणायचे. त्यांना साथ करणारे शेजारी बदली होऊन गेल्यापासून ते पेटीवर एकटेच म्हणत. मिलिंदने पहिल्याच शनिवारी तबल्याची गवसणी काढली, हातोडीने सूर लावला आणि बसला. मामाजींचा चेहरा मी बघत होतो. सात वर्षांत तो चेहरा मला दिसला नव्हता. मी चहाचे कप गोळा करत होतो.

आणि तो ‘मिलिंदराव’च राहिला. एक वर्ष, दोन वर्षं. त्याचा राव गळेना. मग मला प्रश्न पडायला लागला — राव गळणं ही खरंच बढती होती का?

तुम्ही कधी जळलात का कुणावर? मोठ्या माणसावर नाही, तिथे जळायला मजा नाही. आपल्याच पंगतीत, आपल्याच शेजारच्या ताटावर? मी जळलो. रोज जळलो. तो दारात चपला काढायचा त्या चपलांवर जळलो. वर्षा त्याला ‘अहो’ म्हणायची, त्यावरही.

पाडव्याला मामाजींनी गाडी धुतली, म्हणजे मीच धुतली. हँडलला झेंडूची माळ घातली. आणि जेवणं झाल्यावर किल्ली मिलिंदच्या हातात दिली.

मला काही बोलायचं नव्हतं, पण तोंडावर दिसलं असावं. मामाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “मिलिंदरावले ऑफिस दूर पडते. तुले तं स्कूटर आहेच. अन् तू काय, घरचाच आहे.”

घरचाच. त्यांनी ते प्रेमाने म्हटलं होतं. आज मला ते दिसतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की घरच्या माणसाला काही द्यावं लागत नाही.

आठवड्याने मिलिंद माझ्याकडे आला. गाडीत अजून हिवाळ्याचं तेल होतं. होळीनंतर त्या वर्षी माझं बदलायचं राहिलं होतं, आणि किल्ली गेल्यावर मी हात लावला नाही. आता त्याची गाडी, त्याने बघावं. तो म्हणाला, भाऊजी, उन्हाळ्याचं तेल कोणतं टाकायचं, मी स्वतः शिकतो, तुम्हाला किती त्रास द्यायचा. मी म्हणालो, जाड.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते सहज तोंडून गेलं. जाड म्हणजे घट्ट, उन्हाळ्यात घट्टच तेल लागतं. यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही. कोणत्याही पंचासमोर उभं करा मला.

पण मी रायपूरचा आहे. इथेच जन्मलो, इथेच वाढलो. थंडी वाजली की शेजारची बाई ‘जाड़ लागत हे’ म्हणते, हे चालायला लागलो तेव्हापासून ऐकतो आहे. तेलाला मी जन्मात जाड म्हटलेलं नव्हतं. आम्ही गाढं म्हणतो. दुकानात तर आकडाच सांगतो, बीस-पचास, संपलं. त्या दिवशी मी आकडा सांगितला नाही. गाढं म्हणालो नाही. त्याची शुद्ध मराठी मी त्या एका दिवसापुरती उसनी घेतली, आणि म्हणालो, जाड. तो गेल्यावर मला हसू आलं. दुकानात याची फजिती होईल, दुकानदार याला हसेल, हा हात हलवत परत येईल आणि मला विचारेल — एवढंच मला हवं होतं. मामाजींसमोर एकदा तरी त्याने मला विचारावं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, चेष्टा होती, अंगाशी आली. तसंच म्हणावं असं मलाही वाटतं. पण त्यानंतर जे झालं ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे, एकाला सोडून.

रविवारी सकाळी मी मामाजींकडे गेलो तर मिलिंद अंगणात बसला होता. तसराळं लावलेलं, जुनं तेल गळून गेलेलं, माझी पान्ह्यांची पिशवी शेजारी. मामाजी आत पूजेत होते. नवा डबा अजून फोडलेला नव्हता. त्याने तो उचलून माझ्यासमोर धरला, आकडा माझ्याकडे करून, आणि विचारलं, “भाऊजी, हेच ना?”

मी वाचलं. दस-तीस, हिवाळ्याचं. ठळक अक्षरं, माझ्या डोळ्यांना तेव्हा चष्माही नव्हता. आतून मामाजींचा आवाज येत होता, आरती म्हणत होते, आणि मध्येच थांबून त्यांनी हाक दिली — मिलिंदराव, आटपलं का, मंग बसू जरा पेटीवर.

मी म्हणालो, “हव.”

एक शब्द. इथे सगळेच म्हणतात, हो म्हणायचं तर हव. त्याने झाकण फिरवलं आणि ओतलं. मी उभा राहून बघितलं. धार बारीक होती, सरसर उतरत होती. गाढं तेल असं उतरत नाही, आळसावून उतरतं. हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, किती छान रंग आहे ना.

त्यानंतर सात-आठ आठवडे होते माझ्याकडे. हे लक्षात घ्या. एका क्षणाचा राग असता तर दुसऱ्या दिवशी उतरला असता. एवढ्या दिवसांत केव्हाही मी जाऊन म्हणू शकलो असतो, अरे हे बदला, चुकलं. रोज संध्याकाळी तो आमच्या गल्लीवरून जायचा आणि मी घरात बसून आवाज ऐकायचो. पहिल्या पंधरवड्यात वरून बारीक टकटक सुरू झाली. मग मागून निळसर धूर. इंजिन तेल पीत होतं, पातळ तेल आणखी भराभर पीत होतं. काडी काढून बघायची असते हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. एकदा त्याने विचारलंही, भाऊजी, जरा आवाज येतोय का हो? मी म्हणालो, जुनी गाडी आहे, येणारच.

जेठात धमतरीला मामाजींच्या भाच्याचं लग्न होतं. आम्ही सगळे जीपने गेलो. मिलिंदला कचेरीत काम होतं, तो दुपारी मागून गाडीवर निघाला. भर बाराचं ऊन. निघताना त्याला कुणी अडवलं नाही — मी तर सकाळीच जीपमध्ये बसलो होतो, आणि जीप अभनपुरवरून जाताना माझ्या मनात आलं होतं, एवढा लांबचा पल्ला, या उन्हात, त्या तेलावर. मनात आलं होतं. मी खिडकीतून थुंकलो.

अभनपुरच्या पुढे इंजिन जाम झालं. चालत्या गाडीचं इंजिन धरलं की मागचं चाक जागच्या जागी अडकतं. तो रस्त्यावर फेकला गेला. डोकं वाचलं. उजवं मनगट मोडलं, दोन जागी.

दवाखान्यात मेकॅनिक भेटायला आला होता. त्याने इंजिन उघडून पाहिलं होतं. भैया, म्हणाला, तेल तो था ही नहीं, जो था वो जाड़ वाला, गर्मी में जाड़ वाला कौन डालता है? मिलिंद पलंगावर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याला समजलं. जाड आणि जाड़. तो हसायला लागला, प्लास्टरसकट. वर्षा रडत होती ती हसायला लागली. मामाजी हसले. सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि जाड तेलाची गोष्ट त्या खोलीत जन्मली. मी हसलो ना? हो. बहुतेक सगळ्यांत मोठ्याने.

मनगट जुळलं, पण पूर्ण वळेना. लिहिता येतं, नकाशे काढता येतात. तबल्यावर हात पडत नाही. दिवाळीनंतर एका शनिवारी त्याने प्रयत्न केला. मामाजींनी मुद्दाम संथ चालीचं भजन घेतलं. चार ओळी झाल्या आणि मिलिंदने हात मांडीवर ठेवला, म्हणाला, मामाजी, राहू द्या. मामाजींनी पेटीचा भाता बंद केला. पुढच्या शनिवारी ते बसले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी त्या माणसाला तिथून उठवायला निघालो होतो, आणि ती बैठकच उठली. मामाजी त्यानंतर आठ वर्षं जगले. त्यांचं गाणं मी परत ऐकलं नाही.

गाडी? गाडी मला मिळाली. मामाजींनी ती हातगाडीवर घालून माझ्या घरी पाठवली. “तुझ्यापाशीच राहू दे,” म्हणाले, “तुले कळते.” हेच ऐकायला मी इतकी वर्षं तळमळत होतो. पिस्टन बदलला, सिलिंडर बोअर करून आणला, तिला सहा महिन्यांत उभी केली. ती आजही माझ्याकडे आहे. होळी झाली की गाढं, दिवाळी झाली की पतलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मिलिंद कौतुकाने सांगतो, मी मारली, भाऊजींनी जिवंत केली.

आणि आता ते, ज्यामुळे मी हे लिहायला बसलो.

परवा मिलिंदच्या घरी जेवण होतं. त्याच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं, जावई पहिल्यांदा आला होता. सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात आहे, यंत्रांतला माणूस. जेवणानंतर मिलिंदने जाड तेलाची गोष्ट काढली. दुकानदाराचा आवाज, डबा पुसणं, सगळं. सगळे हसले. माझी बायको तर डोळे पुसत होती. जावई मात्र नीट ऐकत होता. हसून झाल्यावर त्याने साधा प्रश्न विचारला. वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“पण बाबा, ओतायच्या आधी कुणाला दाखवलं नाही का? मोठे काका तर होतेच ना?”

मिलिंदने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने चहाचा कप उचलला, डाव्या हाताने, तो आता डाव्यानेच उचलतो. एक घोट घेतला.

“नाही रे,” तो म्हणाला, “कुणाला दाखवणार? भाऊजी त्या दिवशी नव्हते तिथे.”

म्हणजे त्याला आठवतं. विसरलेला माणूस म्हणाला असता, आठवत नाही. मी नव्हतो, असं त्याने सांगितलं, जावयाला, माझ्यासमोर, मी ऐकत असताना. किती दिवसांपासून त्याला ठाऊक आहे? दवाखान्यात हसला तेव्हापासून? मामाजींसमोर तबल्यावरून हात उचलला तेव्हाही?

जावई माझ्याकडे वळला. काका, तुम्ही असता तर वाचली असती गाडी, असं काहीतरी तो म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मिलिंदही आता बघत होता.

मी होतो तिथे. अंगणात, तुळशीच्या कठड्याशी. डबा माझ्यापासून हातभर होता. मी आकडा वाचला होता.

मी म्हणालो, “हव.”